शर्यत सिम्युलेशन खेळांतील टायरचा आवाज

शर्यत सिम्युलेशन खेळांतील टायरचा आवाज हा चालकाला गाडीच्या पकडीची स्थिती कळवणारा ध्वनिसंकेत आहे. प्रत्यक्ष गाडीत रस्त्यावरील पकड किती उरली आहे हे चालकाला मुख्यतः शरीराला जाणवणाऱ्या बलांवरून समजते. घरातील स्थिर आसनावर बसून खेळणाऱ्या चालकाला ही बले जाणवत नाहीत. त्यामुळे पडद्यावरील दृश्य, स्टिअरिंगमधून हाताला मिळणारा जोर आणि कानावर पडणारा आवाज या तीन मार्गांनीच त्याला गाडीची अवस्था कळते. त्यांपैकी टायरच्या आवाजावरून टायर पकडीच्या मर्यादेपासून किती दूर आहे, मर्यादेवर आहे की ती ओलांडून घसरू लागला आहे, याचा अंदाज बांधता येतो.

हा आवाज प्रत्यक्ष शर्यतीतील आवाजाची हुबेहूब नक्कल असतोच असे नाही. अनेक शर्यतगाड्यांत इंजिन आणि वाऱ्याचा आवाज, शिरस्त्राण व कानातील बोळे यांमुळे टायरचा आवाज चालकापर्यंत क्षीणपणे पोहोचतो किंवा पोहोचतच नाही. खेळात तो अनेकदा मुद्दाम स्पष्ट ठेवलेला असतो, कारण शरीराच्या हरवलेल्या संवेदनेची जागा त्याला भरून काढायची असते. वास्तवाशी प्रामाणिक राहणे आणि चालकाला उपयोगी माहिती देणे या दोन उद्दिष्टांतील ताण हा या विषयातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

पार्श्वभूमी

गाडी चालवताना माणूस डोळे, हात, त्वचा, स्नायू आणि अंतर्कर्णातील तोल सांभाळणारी रचना या सर्वांचा एकत्र उपयोग करतो. वळणावर गाडीचा मागचा भाग घसरू लागला, तर दृश्यात ठळक फरक पडण्याआधीच आसनातून आणि अंतर्कर्णातून त्याची जाणीव होते. मोटारक्रीडेत या जाणिवेला फार महत्त्व आहे.

स्थिर सिम्युलेटरमध्ये ही जाणीव नसते. फोर्स फीडबॅक स्टिअरिंगमधील मोटर हाताला जोर देते, पण तो मुख्यतः पुढच्या चाकांवरील बलांवर अवलंबून असतो. मागच्या चाकांची घसरण स्टिअरिंगमधून थेट कळत नाही. गाडी वळू लागल्यावर ती अप्रत्यक्षपणे जाणवते. आवाजावर असे बंधन नाही. चारही टायरांचा आवाज स्वतंत्रपणे निर्माण करता येतो आणि हेडफोन किंवा अनेक ध्वनिवर्धकांच्या मदतीने डावी-उजवी, पुढची-मागची दिशाही सूचित करता येते.

आवाजाचा आणखी एक फायदा वेळेचा आहे. साध्या प्रतिक्रियेच्या चाचण्यांत ध्वनीला दिलेला प्रतिसाद दृश्याला दिलेल्या प्रतिसादापेक्षा साधारणपणे ३० ते ५० मिलिसेकंदांनी लवकर येतो. ताशी १८० किमी वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ५० मीटर अंतर कापते. म्हणजे ४० मिलिसेकंदांत ती २ मीटर पुढे गेलेली असते. शिवाय आवाज ऐकण्यासाठी नजर वळणाच्या टोकावरून हटवावी लागत नाही.

भौतिक आधार

रबराचा टायर रस्त्यावर केवळ लोळत नाही, तर बल निर्माण करताना तो अंशतः घसरतही असतो. वळताना चाक ज्या दिशेला रोखलेले असते आणि ते प्रत्यक्षात ज्या दिशेने पुढे सरकते, त्या दोन दिशांमधील कोनाला घसरण-कोन म्हणतात. ब्रेक लावताना किंवा वेग वाढवताना चाकाच्या परिघाचा वेग आणि गाडीचा वेग यांत फरक पडतो. हा फरक गाडीच्या वेगाच्या प्रमाणात मांडला की घसरण-गुणोत्तर मिळते.

घसरण-कोन शून्यापासून वाढवत नेला तर सुरुवातीला बाजूचे बल जवळपास त्याच प्रमाणात वाढते. पुढे वाढीचा दर मंदावतो, बल एका शिखरावर पोहोचते आणि त्यानंतर हळूहळू घटते. रस्त्यावरील सामान्य मोटारींच्या टायरांत हे शिखर कोरड्या पृष्ठभागावर साधारण ६ ते १० अंशांच्या दरम्यान येते. शर्यतीच्या गुळगुळीत, म्हणजे स्लिक टायरांत ते सहसा कमी कोनावर येते. ब्रेक लावताना सर्वाधिक पकड साधारण १० ते २० टक्के घसरणीवर मिळते. चाक पूर्ण जाम झाल्यावर ती कमी होते. हे संबंध मांडण्यासाठी नेदरलँड्समधील डेल्फ्ट तंत्रज्ञान विद्यापीठाचे हान्स पाचेका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेले सूत्र ‘मॅजिक फॉर्म्युला’ या नावाने ओळखले जाते. अनेक शर्यत खेळांतील टायरचे गणित या सूत्रावर किंवा त्याच्या सुधारित रूपांवर आधारलेले आहे.

टायरचा आवाज अनेक क्रियांतून निर्माण होतो. पृष्ठावरील ठोकळे रस्त्यावर आपटतात, खाचांमधील हवा दाबली जाऊन बाहेर फेकली जाते आणि टायर व रस्ता यांमधील निमुळती पोकळी कर्ण्याप्रमाणे आवाज वाढवते. सामान्य वेगाने लोळणाऱ्या टायरचा आवाज १,००० हर्ट्झच्या आसपास सर्वाधिक असतो. वळणावर येणारा चिरका आवाज मात्र वेगळ्या कारणाने होतो. रबराचे लहान भाग रस्त्याला क्षणभर चिकटतात, ताणले जातात, सुटतात आणि पुन्हा चिकटतात. ही चिकट-सुट क्रिया सेकंदाला शेकडो वेळा घडली की सूर असलेला चीत्कार ऐकू येतो. व्हायोलिनच्या तारेवर गज फिरवताना याच प्रकारची क्रिया घडते.

आवाजाचे प्रकार आणि त्यांचा अर्थ

सिम्युलेशन खेळांत साधारणपणे पुढील आवाज ओळखता येतात. त्यांची नावे आणि सीमारेषा खेळानुसार बदलतात.

लोळण्याचा आवाज: सरळ जाताना येणारी सलग घरघर. वेगाबरोबर तिची पातळी वाढते. तिच्यावरून वेगाचा अंदाज येतो, पकडीविषयी मात्र फारसे कळत नाही.

घासण्याचा आवाज: वळणात टायरवर भार आल्यावर येणारी खरखर. टायर काम करू लागला आहे, पण मर्यादेला पोहोचलेला नाही, असा तिचा अर्थ असतो. स्लिक टायरांत चीत्कारापेक्षा हाच आवाज प्रमुख असतो.

सूर असलेला चीत्कार: टायर शिखराच्या जवळ किंवा त्याच्या किंचित पलीकडे असल्याची खूण. सामान्य मोटारींच्या टायरांत तो स्पष्ट असतो.

फाटका, मोठा आवाज: टायर शिखर ओलांडून पूर्णपणे घसरत असल्याची खूण. या अवस्थेत पकड घटलेली असते आणि टायरचे तापमान झपाट्याने वाढते.

चाक जाम झाल्याचा आवाज: जोरात ब्रेक लावल्यावर येणारी एकसुरी किंकाळी. चाक फिरत नसल्यामुळे लोळण्याचा आवाज थांबतो.

ठोके: चाक जाम होऊन टायर एका जागी झिजला की तेथे सपाट भाग तयार होतो आणि प्रत्येक फेऱ्यात एक ठोका येतो. परीघ सुमारे २ मीटर असलेल्या टायरचे ताशी ७२ किमी वेगाला सेकंदाला १० ठोके पडतात.

पृष्ठभागाचे आवाज: धावपट्टीच्या कडेचा खाचांचा कठडा, गवत, वाळू किंवा खडी यांवर चाक गेल्याचे आवाज. त्यांवरून गाडीची कोणती बाजू पट्टीबाहेर गेली ते कळते.

हे आवाज कोणत्या चाकांकडून येतात, यालाही महत्त्व आहे. पुढच्या टायरांचा आवाज वाढत असेल आणि गाडी अपेक्षेपेक्षा कमी वळत असेल, तर त्या स्थितीला अंडरस्टीअर म्हणतात. आवाज मागून येत असेल आणि गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जात असेल, तर ती ओव्हरस्टीअरची स्थिती होय.

खेळांतील ध्वनिनिर्मिती

बहुतेक खेळांत टायरचे आवाज आधी मुद्रित केलेल्या नमुन्यांपासून तयार होतात. लहान लांबीचे नमुने अखंड फिरवले जातात आणि प्रत्येक चाकाचा घसरण-कोन, घसरण-गुणोत्तर, त्यावरील भार, वेग आणि पृष्ठभाग यांनुसार त्यांची तीव्रता व पट्टी बदलली जाते. एका आवाजातून दुसऱ्यात जाताना दोन्ही नमुने काही काळ एकत्र वाजवून सांधा लपवला जातो. या कामासाठी एफमॉडसारख्या तयार ध्वनिप्रणाली वापरल्या जातात. दुसऱ्या पद्धतीत आवाज गणिताने त्या क्षणीच तयार केला जातो. ‘लाइव्ह फॉर स्पीड’ या खेळात इंजिनाचा आवाज मुद्रित नमुन्यांऐवजी अशा पद्धतीने निर्माण केला जातो.

आवाज किती उपयोगी ठरेल हे नमुन्याच्या गोडव्यापेक्षा तो कोणत्या राशीशी जोडला आहे यावर ठरते. आवाज केवळ स्टिअरिंग किती फिरवले यावर किंवा वेगावर अवलंबून ठेवला, तर तो शोभेपुरता उरतो. प्रत्येक टायरची घसरण त्याच्या शिखराच्या तुलनेत मोजून तिच्याशी आवाज जोडला, तर तो मापक बनतो. आवाजाचा चढ शिखराच्या आधी सुरू होणे आणि शिखरानंतर त्याचा पोत बदलणे, या दोन गोष्टी चालकाच्या दृष्टीने विशेष उपयोगी ठरतात. केवळ ‘आवाज आहे’ किंवा ‘नाही’ अशा दोनच अवस्था असल्या, तर इशारा मिळेपर्यंत उशीर झालेला असतो.

ध्वनी पोहोचण्यातील विलंबही महत्त्वाचा आहे. सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या दराने चालणाऱ्या ध्वनियंत्रणेत १,०२४ नमुन्यांचा साठा ठेवल्यास सुमारे २१ मिलिसेकंदांचा विलंब होतो. बिनतारी हेडफोनमध्ये त्यात आणखी भर पडू शकते. त्यामुळे कानाला मिळणारा वेळेचा फायदा कमी होतो किंवा पूर्णपणे नाहीसा होतो.

इतिहास

सुरुवातीच्या नाणे टाकून खेळायच्या यंत्रांत टायरचा चीत्कार हा प्रामुख्याने नाट्यमयतेचा भाग होता. नामको कंपनीच्या ‘पोल पोझिशन’ (१९८२) या खेळात वळणावर टायर चिरकत, पण त्यामागे आजच्यासारखे टायरचे गणित नव्हते.

१९९० च्या दशकात वैयक्तिक संगणकांची गणनक्षमता वाढल्यावर परिस्थिती बदलली. पॉलिफोनी डिजिटलचा ‘ग्रान टुरिस्मो’ १९९७ मध्ये प्लेस्टेशनवर आला. पपायरस कंपनीचा ‘ग्रांप्री लेजंड्स’ १९९८ मध्ये प्रकाशित झाला. त्यातील गाड्या १९६७ च्या फॉर्म्युला वन हंगामातील होत्या. त्या काळी गाडीला जमिनीकडे दाबणारे पंख आलेले नव्हते, त्यामुळे चारही चाके किंचित घसरत ठेवून वळण घ्यावे लागे. पकडीच्या मर्यादेवर सतत राहणे हाच या खेळाचा गाभा होता. घरगुती वापराची फोर्स फीडबॅक स्टिअरिंग याच सुमारास बाजारात येऊ लागली होती आणि ती सर्वांकडे नव्हती. अशा वेळी कानावर विसंबणे स्वाभाविक होते.

पुढे ‘लाइव्ह फॉर स्पीड’, ‘रिचर्ड बर्न्स रॅली’ (२००४), ‘आरफॅक्टर’ (२००५), ‘आयरेसिंग’ (२००८) आणि इटलीतील कुनोस सिम्युलाझिओनीचा ‘असेट्टो कोर्सा’ (२०१४) या खेळांनी टायरच्या गणिताला केंद्रस्थानी ठेवले. ‘असेट्टो कोर्सा’मध्ये टायर, इंजिन, वारा आणि पृष्ठभाग यांच्या आवाजाची पातळी वेगवेगळी ठरवता येते. अशी सोय असणे म्हणजे टायरचा आवाज हे केवळ पार्श्वसंगीत नसून चालकाच्या गरजेनुसार जुळवायचे उपकरण आहे, हे मान्य करणे होय.

चालवण्यातील उपयोग

सरावात आवाजाचा उपयोग प्रामुख्याने तीन ठिकाणी होतो. पहिला ब्रेक लावताना. चाक जाम होण्याआधी आवाजात होणारा बदल ओळखून पेडलवरील दाब किंचित सैल केला, तर कमीत कमी अंतरात वेग कमी करता येतो. अँटी-लॉक ब्रेक नसलेल्या गाड्यांत हे कौशल्य निर्णायक ठरते.

दुसरा वळणाच्या मध्यावर. पुढच्या टायरांनी शिखर ओलांडल्यावर स्टिअरिंग आणखी फिरवले तर आवाज वाढतो, पण वळण वाढत नाही. उलट टायर तापतात आणि वेग घटतो. नवशिक्या चालकांत ही चूक सर्वाधिक आढळते. अशा वेळी स्टिअरिंग किंचित सरळ केल्यास आवाज उतरतो आणि गाडी अधिक वळू लागते. स्टिअरिंगच्या जोरातूनही याची सूचना मिळते. चाकाला सरळ करू पाहणारे बल बाजूच्या पकडीच्या शिखराआधीच घटू लागते, त्यामुळे स्टिअरिंग हलके वाटते. हलके झालेले स्टिअरिंग आणि बदललेला आवाज हे दोन्ही संकेत जुळले की निदान खात्रीचे होते.

तिसरा वळणातून बाहेर पडताना. मागची चाके जोराने फिरू लागली की इंजिनाचा आणि टायरचा आवाज एकत्र चढतो. या क्षणी अ‍ॅक्सिलरेटर थोडा सैल सोडल्यास गाडी गरगर फिरणे टळते.

प्रत्येक खेळात आणि प्रत्येक गाडीत आवाज व शिखर यांचे नाते वेगळे असते. त्यामुळे एकाच वळणावर वेगवेगळ्या पातळीच्या आवाजाने फेऱ्या मारून त्यांच्या वेळा ताडून पाहणे, ही कान जुळवण्याची सोपी पद्धत आहे. सर्वांत मोठा आवाज आलेली फेरी सहसा सर्वांत वेगवान नसते, आणि संपूर्ण शांत फेरीही नसते.

मर्यादा आणि टीका

या संकेतावरील पहिला आक्षेप वास्तवतेचा आहे. काही खेळांत टायर प्रत्यक्षापेक्षा फार लवकर आणि फार मोठ्याने चिरकतात. स्लिक टायरांना सामान्य मोटारीचा चीत्कार देणे हेही टीकेचे कारण ठरते. दुसऱ्या बाजूने असे म्हटले जाते की शरीराची संवेदना नसलेल्या चालकाकडून आवाजही काढून घेणे हे अधिक अवास्तव आहे, कारण खऱ्या चालकाला त्या क्षणी बरेच काही कळत असते.

दुसरी मर्यादा झाकोळण्याची आहे. इंजिनाचा आवाज मोठा ठेवल्यास टायरचा सूक्ष्म बदल त्याखाली लपतो. जवळून जाणाऱ्या इतर गाड्यांमुळेही हेच होते. तिसरी मर्यादा अर्थाची आहे. एकाच चीत्काराचे कारण पुढची घसरण आहे की मागची, हे केवळ आवाजावरून नेहमी ठरवता येत नाही. म्हणून तो दृश्य आणि स्टिअरिंग यांच्या जोडीनेच वाचावा लागतो.

सुलभता

कर्णबधिर किंवा कमी ऐकू येणाऱ्या खेळाडूंना हा संकेत मिळत नाही. काही खेळांत त्यासाठी पडद्यावर टायरची स्थिती रंगाने दाखवली जाते. आसनाखाली बसवलेल्या कंपकांद्वारे हीच माहिती स्पर्शातूनही पोहोचवता येते.

उलट दिशेने, दृष्टिहीन खेळाडूंसाठी आवाज हाच मुख्य आधार होऊ शकतो. कोलंबिया विद्यापीठातील ब्रायन स्मिथ आणि श्री नायर यांनी २०१८ मध्ये शर्यत खेळांसाठी एक ध्वनिदर्शक प्रणाली सादर केली. गाडीचा वेग, तिचा मार्ग आणि येणाऱ्या वळणाची माहिती ती ध्वनीतून देते. २०२३ मध्ये प्रकाशित झालेल्या ‘फोर्झा मोटरस्पोर्ट’ या खेळात दृष्टिहीनांसाठी अशा ध्वनिसूचनांची सोय देण्यात आली.

प्रत्यक्ष रस्त्याशी संबंध

टायरचा आवाज ऐकून माहिती मिळवण्याची रीत खेळांपुरती मर्यादित नाही. पुण्याहून सोलापूर, उमरगामार्गे हैदराबादकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ६५ सारख्या मार्गांवरील मालमोटारींचे क्लीनर थांब्यावर टायरवर टॉमी किंवा दांडका आपटून हवेचा अंदाज घेतात. पुरेशी हवा असलेला टायर टणक, उसळता आवाज देतो, तर हवा कमी असलेला टायर बद्द आवाज देतो. मागच्या जोडटायरांपैकी आतला टायर डोळ्यांनी नीट दिसत नसल्याने तेथे ही पद्धत विशेष उपयोगी पडते. मात्र दाबमापकाची अचूकता तिला नाही.

नियमनाच्या दृष्टीने मात्र टायरचा आवाज हे ध्वनिप्रदूषण मानले जाते. भारतात एआयएस-१४२ या मानकात टायरचा लोळण्याचा आवाज, लोळताना होणारा रोध आणि ओल्या रस्त्यावरील पकड यांच्या मर्यादा दिल्या आहेत. मोटारी, बस आणि मालमोटारींच्या टायरांना त्या लागू करण्याची अधिसूचना २०२२ मध्ये निघाली. पुण्यात १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (एआरएआय) ही संस्था वाहनांच्या मानकांशी आणि चाचण्यांशी संबंधित आहे. अशा चाचणीत इंजिन बंद ठेवून गाडी ध्वनिग्राहकांसमोरून वेगात नेली जाते. हे ध्वनिग्राहक मार्गाच्या मध्यरेषेपासून ७.५ मीटर अंतरावर आणि १.२ मीटर उंचीवर असतात. टायर शांत करण्याचा हा प्रयत्न लोळण्याच्या आवाजाविषयी आहे. वळणावरील चीत्कार त्यात मोजला जात नाही.

सिम्युलेशनमधील सवय रस्त्यावर तशीच नेणे धोक्याचे ठरू शकते. खेळात चीत्कार हा वेग साधण्याचा मार्गदर्शक असतो, तर सार्वजनिक रस्त्यावर तो पकड संपत आल्याची खूण असतो. शिवाय हा इशारा नेहमी मिळेलच असे नाही. ओल्या रस्त्यावर टायर सहसा चिरकत नाही. पाण्याच्या थरावर चढलेला टायर पकड जवळजवळ पूर्ण गमावतो, पण चीत्कार करत नाही. खडी, माती किंवा चिखल पसरलेल्या रस्त्यावरही चिकट-सुट क्रिया घडत नाही. म्हणून पावसाळ्यात टायर शांत असणे याचा अर्थ पकड शाबूत आहे असा घेता येत नाही. स्टिअरिंग अचानक हलके होणे आणि गाडी हाताला प्रतिसाद न देणे, हेच तेथे अधिक विश्वासार्ह संकेत ठरतात.